एकेचाळीस नंबरची काच

बुधाजीमामांनी मला पहिल्याच दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. मी करमाळ्याहून पनवेलला पीएचडी करायला आलो होतो. नवी बॅग, नवे बूट आणि विनिता मॅडमनी दिलेला नवाकोरा विषय. लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर काचेवर चढवायचा, ती काच पाण्यात उभी करायची, तिच्यावर ऊन पाडायचं आणि त्या उन्हाच्या जोरावर पाणी फोडून हायड्रोजन काढायचा. प्रयोगशाळेत मॅडम नव्हत्या, तेव्हा समोर जो माणूस दिसला त्यालाच मी हे सगळं उत्साहानं समजावून सांगितलं. तो माणूस काचा धूत होता. त्यानं हातातली काच खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली, समाधान झाल्यावर फडक्यावर ठेवली आणि म्हणाला,

“लोखंडाचा ऑक्साइड म्हंजे गंज ना?”

“हो. म्हणजे तसं बघितलं तर… गंजच.”

“होडीच्या खिळ्यांचा गंज खरवडून माज्या बापाचा जलम गेला. तुमी गंज चढवून डाक्टर होनार?”

त्या दिवसापासून मी त्यांचा ‘डाक्टर’ झालो. पदवी द्यायला विद्यापीठाला पाच वर्षं लागतात, बुधाजीमामांनी पाच मिनिटांत दिली होती.

मामा पनवेलच्या कोळीवाड्यातले. वय सत्तावन्न, रंग निब्बर काळा, पाय खाडीच्या चिखलात चालून फताडे झालेले. त्यामुळे कॉलेजनं दिलेले काळे बूट त्यांना कधीच झाले नाहीत, ते कपाटात राहायचे आणि मामा चपलेवर. कागदावर ते ‘हेल्पर, कंत्राटी’. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक महिना घरी, मग पुन्हा अकरा महिने. सोळा वर्षं असंच. दर मार्चअखेर मॅडमच्या सहीनं पुढची ऑर्डर निघायची आणि मामा ती घडी करून खिशात ठेवायचे.

त्याआधी ते खाडीत मासे धरायचे. पाग टाकण्यात त्यांचा हात धरणारा कोळीवाड्यात कोणी नव्हता. पाग म्हणजे एकट्यानं फेकायचं गोल जाळं. फेकताना ते हवेत ताटासारखं उघडलं पाहिजे, नाहीतर मासे हसतात. पुढं खाडीत वरून येणारं पाणी कधी पिवळं, कधी जांभळं दिसायला लागलं आणि हसायलाही मासे राहिले नाहीत. तो हात मग आमच्याकडे आला. आमचं काम असं: काचेवर आधीच कथिलाच्या ऑक्साइडचा, डोळ्याला न दिसणारा थर असतो. ती काच तव्यावर तापवायची, तिच्यावर लोखंडाच्या क्षाराचं पाणी बारीक फवारायचं, आणि मग भट्टीत पाचशे अंशांवर दोन तास भाजायची. मी फवारलेली काच कोणीतरी पान खाऊन थुंकल्यासारखी दिसायची. मामांनी फवारलेली काच म्हणजे निरशा दुधाच्या चहाचा रंग, या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा. ते मनगटातून एक झोल द्यायचे. मी विचारलं, हे कसं करता? तर म्हणाले, “पाग टाकतो तसा. फक्त सोडून द्यायचा नाय.”

आणि त्यांचे डोळे. पाण्यातला बुडबुडा बघून तो कशाचा आहे हे मामा सांगू शकायचे. निवटी, म्हणजे खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारा तो डोळे वटारलेला मासा, तिचा बुडबुडा एकटा येतो. चिंबोरीचे फेसासारखे, घोळक्यानं. आणि कुजलेल्या चिखलाचा मोठा, आळशी, वर येऊन जरा वेळ बसतो आणि मग फुटतो.

हे ज्ञान माझ्या कामाला येईल असं मला वाटलं नव्हतं. पण पहिल्या वर्षी एका दुपारी मी पहिल्यांदा काच पाण्यात उभी करून तिच्यावर दिवा सोडला. आमच्याकडे ऊन म्हणजे एक मोठा दिवा आहे. खरा सूर्य खिडकीबाहेर फुकट असतो, पण मोजमापाला तो भरवशाचा नाही. तर दहा मिनिटांत काचेवर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसले. मी ओरडलो. माझ्याबरोबर पीएचडी करणारी फरहा, ही पनवेलच्याच मोहल्ल्यातली, धावत आली आणि मोबाइलवर शूटिंग करायला लागली.

“या अल्लाह, निघाला! करमाळ्याच्या शास्त्रज्ञानं हायड्रोजन काढला!”

“काचेवर ऑक्सिजन असतो,” मी म्हणालो. “हायड्रोजन त्या तारेवर. प्लॅटिनमच्या.”

“तारेवर तर काहीच नाही.”

मामा मागून आले. वाकले. बराच वेळ बघत राहिले.

“हे पानी तापल्याचं हाय,” ते म्हणाले. “भाताचं आधन ठेवलं की टोपाच्या कडेला धरतात, ते. दिवा बंद करा. तरी राहतील.”

मी दिवा बंद केला. बुडबुडे तसेच चिकटून होते, माझ्याकडे बघत. फरहानं शूटिंग बंद केलं नव्हतं, आणि ते तिच्याकडे अजून आहे.

तेव्हापासून आमच्याकडे रिवाजच पडला. यंत्रावरचा विजेच्या प्रवाहाचा आकडा मी बघायचो, बुडबुडे मामा. खरं चालू झालं तर तारेवर दोन आणि काचेवर एक, असा हिशेब मी त्यांना सांगितला होता. ते स्टूल घेऊन बसायचे, चष्मा कपाळावर चढवून. एकदा म्हणाले, “डाक्टर, आमची खाडी मेली. आता माज्या हातात पानी हाय ते एवढंच, ह्या ग्लासातलं.” मी हसलो. मला वाटलं, नेहमीचा विनोद आहे.

आता खंडेनवमीचं सांगितलं पाहिजे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. गॅरेजवाला पान्ह्यांना हळद-कुंकू लावतो, शिंपी मशीनला, आणि बुधाजीमामा आमच्या भट्टीला, तराजूला आणि फवारणीच्या नळीला. माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी उत्साहात हायड्रोजनच्या टाकीलाही कुंकू लावलं आणि शेजारी अगरबत्ती पेटवली. हायड्रोजन बनवायच्या प्रयोगशाळेत हायड्रोजनची टाकी विकत आणून ठेवलेली असते, मापं जुळवायला. यावर मामा वर्षभर आम्हाला टोमणे मारायचे, पण अगरबत्तीचा टोमणा त्यांच्यावरच उलटला. दसऱ्यानंतर सुरक्षेची तपासणी आली, टाकीवर कुंकू, खाली राख. मॅडमना वरून लेखी ताशेरे आले. मॅडमनी आम्हा सगळ्यांसमोर मामांना उभं केलं.

“बुधाजी, श्रद्धेबद्दल मला काही बोलायचं नाही. पण इथे पुन्हा ज्योत दिसली, अगरबत्ती असो, दिवा असो, तर पुढच्या ऑर्डरवर मी सही करणार नाही. सगळ्यांसमोर सांगतेय.”

“व्हय मॅडम.”

पुढच्या वर्षी झेंडूसुद्धा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे माझ्या तिसऱ्या, खंडेनवमीला अर्धा दिवस होता. मी सकाळी एकेचाळीस नंबरची काच भट्टीत ठेवली, पाचशेवर लावली आणि करमाळ्याची एसटी पकडायला पळालो. “मामा, थंड झाली की काढून ठेवा.” “तुमी जावा. सोनं आना आमाला.”

मी परत आलो. काच डबीत होती, नोंदवहीत मामांच्या संथ अक्षरात ‘काच ४१, ५०० अंश, २ तास’. काच जराशी वाकल्यासारखी वाटली. मी समजलो कापतानाच वाकडी कापली गेली. दिव्याखाली लावली तर यंत्राचा आकडा नेहमीच्या तिप्पट. मी तारा तपासल्या, पाणी बदललं, पुन्हा लावली. तिप्पट. मामांना हाक मारली. ते आले, स्टुलावर बसले, चष्मा कपाळावर.

तारेवर दोन. काचेवर एक. तारेवर दोन.

“दिवा बंद करा,” मामा म्हणाले. बंद केला. बुडबुडे थांबले. “लावा.” पुन्हा सुरू.

“हा खरा,” मामा म्हणाले. पण नाचले नाहीत, मला चिडवलं नाही. उठले आणि काचा धुवायला गेले. तेव्हा मला ते चमत्कारिक वाटायला हवं होतं. मी मोबाइलवर आईला सांगण्यात गुंतलो होतो.

एकदा आलेला आकडा विज्ञानात अफवेच्या किमतीचा असतो. पुन्हा आला पाहिजे. फेब्रुवारीत आमच्या प्रकल्पाचा रिव्ह्यू होता. बाहेरून तज्ज्ञ येणार, आणि आकडा पुन्हा दाखवला नाही तर प्रकल्प गुंडाळणार, असं मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं. मी बेचाळीस नंबरची काच केली. आकडा नेहमीचाच. त्रेचाळीस, नेहमीचाच. डिसेंबर संपेपर्यंत मी त्र्याऐंशीवर पोचलो होतो. पाणी बदललं, क्षाराची बाटली बदलली, फवारायचं अंतर बदललं. देव बदलायचा तेवढा राहिला होता.

मग माझी नजर मामांवर गेली. प्रयोगातली माझ्या हाताबाहेरची गोष्ट एकच होती, ती म्हणजे ते.

“मामा, एकेचाळीस कशानं धुतली होती?”

“रोजच्यासारखी.”

“भट्टी लवकर उघडली होती का?”

“नाय.”

“पाचशेच होती ना?”

“लिवलंय ना वहीत.”

मामा खोटं बोलत नाहीत, हे आमच्या प्रयोगशाळेतलं एकमेव भरवशाचं माप होतं. तराजू चुकायचा, मामा नाही. म्हणून मी भट्टीवर संशयच घेतला नाही. पण रोज तेच विचारत राहिलो, रोज जरा वरच्या आवाजात. त्यांचे टोमणे बंद झाले. मी आलो की ते काहीतरी काम काढून बाहेर जायचे. आणि जानेवारीत, सत्त्याण्णव नंबरची काच वाया गेल्यावर, मी फरहासमोर म्हणालो,

“मामा, आठवतच नसेल तर काचा धुवायला दुसरं कुणीतरी बघू आपण.”

मामांनी हात पुसले. फरहा मला म्हणाली, “तोंड धू जा तू.” मी गेलो नाही.

रिव्ह्यूला नऊ दिवस होते. दुपारी डबा खाऊन मी खिडकीशी बसलो होतो. मामा आले आणि बसायला सांगायची वाट न बघता शेजारी बसले.

“डाक्टर, त्या दिवशी भट्टी पाचशे नव्हती.”

मी डब्याचं झाकण घट्ट दाबून लावलं. बोललो असतो तर ओरडलो असतो.

“तुमी गेलात. फरहाताई गेल्या. मना राहवलं नाय. मागल्या वर्षी हत्याराची पूजा नाय केली, वर्षभर हात कापायचे माजे. टाकी बंद केली, खिडक्या उघडल्या आनि भट्टीपुढं पूजा मांडली. हळद-कुंकू, दोन फुलं, एक निरांजन. पूजा झाली नि बघतो तर भट्टीचा आकडा चढतोय. पाचशे चाळीस. पाचशे साठ. थांबायचं नाव नाय.”

“मग बंद का नाही केलीत?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी काच फुंकर मारून साफ केली होती.

“खंडेनवमी होती. पूजलेल्या हत्याराला दिवा जलत असताना हात लावायचा नाय. माज्या बापानं नवमीला होडी सुटलेली बघितली, पन पूजलेल्या दोराला हात नाय लावला.”

“मग होडी?”

“गेली.”

“अहो, मग दिवा तरी विझवायचा! फुंकर मारून…”

“पूजेचा दिवा फुंकून विझवतात? करमाळ्याला विझवतात?”

करमाळ्यालाही विझवत नाहीत.

“दिवा आपला आपन शांत झाला, मंग मी मेन खटका पाडला. आकडा सातशेच्या वरती काहीतरी. मी आकड्याकडं बघत नव्हतो, दिव्याकडं बघत होतो. दुसऱ्या दिवशी काच काढली, कुंकू पुसलं, वहीत पाचशे लिवलं. जलमात पयल्यांदा खोटं लिवलं, आनि त्याच काचेनं नाव काढलं.” त्यांनी दाराकडे बघितलं. “मॅडमना दिव्याचं नका सांगू. माजी ऑर्डर मार्चला हाय.”

“नाही सांगणार.”

“आईची शपत?”

“आईची शपथ.” मी शपथ फार पटकन घेतली. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त आकडे होते.

भट्टीचं तापमान आवरणारा खटका अधूनमधून चिकटतो हे मी त्याच संध्याकाळी तपासून बघितलं. पण पाचशेच्या पुढे भट्टी किती वेळ मोकळी सुटली होती? त्याचं माप एकच होतं: बुधाजीमामांचं निरांजन. म्हणून दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी कोळीवाड्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायको, भीमाबाई, पनवेलच्या बाजारात सुकं म्हावरं विकतात. त्यांनी मला दारातच वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

“हेच का तुमचे डाक्टर? अंगावर मास नाय, डाक्टर कसले? म्हावरं खाता, का तुमच्याकडं नुसती भाकर?”

“खातो मावशी.”

“मंग खाल्लेलं जातं कुठं?”

मामांनी तेच निरांजन काढलं, तसंच तूप, भीमाबाईंनी वळलेली तशीच दुपदरी वात. देव्हाऱ्यापुढं लावलं. मी मोबाइलवर वेळ लावली. तिघं ज्योतीकडे बघत बसलो.

“काय मोजताय एवढं?” भीमाबाईंनी विचारलं.

“वेल,” मामा म्हणाले.

सतरा मिनिटांनी ज्योत निळी झाली, बसली, गेली. आमच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात अचूक माप मी असं मांडी घालून घेतलं.

निघताना भीमाबाई मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. “हेंना सांभालून घ्या,” त्या म्हणाल्या. “म्हावरं संपलं तवा तीन वर्षं हे खाडीवर जाऊन नुसते बसायचे. सकालचे जायचे, कालोख पडला की यायचे. बोलायचे नाय. पोरीच्या लग्नातपन बोलले नाय. तुमच्या त्या काचा धुवायला लागले तवा मानसात आले. ती नोकरी गेली तर मना परत तो मुका मानूस नको.”

मी हो म्हणालो.

नव्याण्णव नंबरची काच. पाचशेवरून भट्टी मोकळी सोडली, सतरा मिनिटं, मग मेन बंद. थंड झाल्यावर उघडलं तर काच तळणीत टाकलेल्या पापडासारखी वाकायला लागून थांबलेली. दिव्याखाली लावली. तिप्पट. शंभर नंबर. तिप्पट. मामा स्टुलावर बसले, चष्मा कपाळावर, आणि या वेळी मात्र हसले. समोरच्या दोन दातांमधल्या फटीतून हवा जाईपर्यंत हसले.

“पण असं का होत असेल?” मी म्हणालो.

“कल्हई,” मामा म्हणाले.

“काय?”

“तुमीच बोलला ना, काचेला खाली कथिल हाय. भांड्याला कल्हई करताना भांडं लाल तापवावं लागतं, तवा कथिल धरतं. थंड भांड्याला नाय धरत. तुमचं पाचशे म्हंजे थंड भांडं. आता तापलं, तर कथिल चढलं तुमच्या गंजात.”

फरहा म्हणाली, “मामांना लिहू दे तुझा प्रबंध.” आम्ही तिघं हसलो. प्रयोगशाळेत आम्ही तिघं एकत्र हसलो ते तेवढंच शेवटचं.

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नोंदवही उघडी होती.

“नव्याण्णव आणि शंभर छान आहेत. साडेसातशेच्या वर, सतरा मिनिटं. पण एकेचाळीस? वहीत पाचशे आहे आणि आकडा तोच. पाचशेवर नंतरच्या सत्तावन्न काचांना हा आकडा येत नाही. उद्या समोरचा माणूस पहिलं हेच विचारणार. एकेचाळीसचा आकडा तू घुसवलास, की वहीतलं तापमान खोटं आहे?”

“तापमान… चुकून…”

“कोणाचं चुकून? आणि काच वाकते हे माहीत असताना सतरा मिनिटं तुला सुचली कुठून? सोळा नाही, अठरा नाही?”

‘कुठंतरी वाचलं’ एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मला ते सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की मॅडम मला खोटारडा समजतायत, तीन वर्षं जातायत, करमाळ्याला घरी काय सांगायचं. मी तोंड उघडलं आणि सगळं सांगितलं. खटका, खंडेनवमी, निरांजन, सगळं. आईची शपथ मध्ये कुठंही आडवी आली नाही. आई सुखरूप आहे.

मॅडमनी चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळत बसल्या. “हे मला सांगायला नको होतंस असं म्हणता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण आता मला हे माहीत आहे. सगळ्यांसमोर बोललेय मी. आता सही केली तर उद्या कोणीही इथे काडी ओढेल.”

रिव्ह्यू उत्तम झाला. प्रकल्प वाचला.

मी मामांना स्वतः सांगितलं, एवढंच काय ते माझ्या बाजूनं. ते काचा धूत होते.

“मॅडमना कोन बोललं?”

“मी.”

“हां,” ते म्हणाले, आणि हातातली काच पुरी धुतली.

मार्चच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला काच धुवायला शिकवलं. तीन वर्षांत मी शिकलो नव्हतो. आधी साबण, मग स्पिरिट, मग तीनदा पाणी, मग उजेडात तिरपी धरायची. “फुंकर नाय मारायची,” ते म्हणाले. कपाटातले न झालेले काळे बूट त्यांनी स्टोअरमध्ये जमा केले. सोळा वर्षं झाली तरी तळ कोरे होते.

एप्रिलमध्ये आम्ही शोधनिबंध लिहायला घेतला. फरहा संदर्भ शोधायला माझ्या कॉम्प्युटरवर बसली होती. माझ्याकडे ‘नंतर वाचायचे’ नावाचा एक फोल्डर आहे, त्यात दोनशे बारा निबंध आहेत. एकाएकी तिचा माउस थांबला.

“हे तू वाचलंयस?”

“कुठलं?”

तिनं स्क्रीन वळवली. बाहेरच्या देशातल्या कुणाचा तरी जुना निबंध. लोखंडाच्या ऑक्साइडचा थर थोडा वेळ खूप तापवला की काचेवरच्या थरातलं कथिल त्यात चढतं आणि प्रवाह वाढतो. काच वाकते, तेही लिहिलं होतं. सगळं मामा म्हणाले तेच, फक्त त्यात कल्हई हा शब्द नव्हता. आणि खाली ओळीनं आणखी आठ-दहा निबंधांची नावं. जगाला हे कधीचंच ठाऊक होतं.

“उतरवून घेतल्याची तारीख बघ,” फरहा म्हणाली.

मी बघितली. पनवेलला आल्यावर माझा दुसरा आठवडा.

म्हणजे बेचाळीस ते अठ्ठ्याण्णव या काचा करायची गरज नव्हती. मामांना रोज विचारायची गरज नव्हती. निरांजन मोजायची गरज नव्हती, आणि मॅडमनी ‘कुठून सुचलं’ विचारल्यावर द्यायचं उत्तर तीन वर्षं माझ्याच फोल्डरमध्ये पडून होतं. फरहानं तो निबंध बंद केला. मग म्हणाली, “मामांना हे सांगू नकोस. कसम आहे तुला.” मग तिला आठवलं असावं की मी शपथांचं काय करतो, कारण ती उठून गेली.

मे महिन्यात मी कोळीवाड्यात गेलो. भीमाबाईंनी मला आत बोलावलं नाही. मुंबईच्या पाहुण्याला रस्ता सांगावा तसा हात केला: “बसलेत तिकडं.”

मामा बांधावर बसले होते. ओहोटी लागलेली, समोर काळा चिखल, पलीकडे विमानतळाचा भराव. मी शेजारी बसलो. त्यांनी मान वळवली नाही. मॅडमनी विचारलंय म्हणून सांगितलं, फरहाचा सलाम सांगितला. नवीन हेल्पर फुंकर मारतो, हेही सांगितलं. त्यावर ओठ जरासे हलले, पण टोमणा बाहेर आला नाही.

चिखलात एक बुडबुडा आला.

“निवटी ना मामा?” मी म्हणालो.

“चिखल,” ते म्हणाले. बऱ्याच वेळानं पुन्हा बोलले. “ते आपलं… कल्हईचं. छापून येनार?”

“येणार. लिहून झालंय.”

“कुनाला म्हाईत नव्हतं ना आधी? जगात?”

खाडीवरून वारा येत होता, त्याला मासळीचा वास नव्हता.

“नाही मामा,” मी म्हणालो. “पहिल्यांदाच.”

मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे वळले. पहिल्या वर्षी त्या दुपारी काचेवर चिकटलेल्या बुडबुड्यांकडे बघितलं होतं तसे बघत राहिले. मग चष्मा खाली घेतला, पुसला, आणि पुन्हा चिखलाकडे बघायला लागले.